नदीची क्षमा मागायला जाताना: खान्देशातून लोय क्रथोंग आणि यी पेंगला जाणाऱ्यांसाठी

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी चांगदेवच्या संगमावर, प्रकाशा गावच्या घाटावर किंवा आपल्याच गावच्या नदीच्या डोहाशी बसून ज्याने पानाच्या द्रोणातला कणकेचा दिवा पाण्यावर सोडला आहे, त्याला थायलंडचा लोय क्रथोंग समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. ‘लोय’ म्हणजे तरंगत सोडणे आणि ‘क्रथोंग’ म्हणजे केळीच्या पानांचा द्रोण. थाई चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिथले लोक केळीच्या खोडाच्या चकतीवर पाने, फुले, मेणबत्ती आणि उदबत्त्या रचून ती नदीत, तळ्यात किंवा कालव्यात सोडतात. उत्तरेकडच्या लान्ना प्रदेशात, म्हणजे चियांग माई आणि भोवतालच्या भागात, याच पौर्णिमेला ‘यी पेंग’ म्हणतात. लान्नाची महिन्यांची मोजणी दोन महिने पुढे असल्यामुळे तिथे हा दुसरा महिना ठरतो. ‘यी’ म्हणजे दोन आणि ‘पेंग’ म्हणजे पौर्णिमा. आपण मोबाइलवर पाहतो ते आकाशात चढणारे कागदी कंदील यी पेंगचे आणि पाण्यावरचे दिवे लोय क्रथोंगचे; चियांग माईत मात्र दोन्ही एकाच रात्री दिसतात.

माझे माहेर रावेर तालुक्यातले, केळीच्या बागांमधले. आईला घेऊन मी चियांग माईला गेले, तेव्हा माझ्याही मनात आधी कंदीलच होते. पिंग नदीच्या काठी एका रात्रीत माझा क्रम बदलला, आणि म्हणूनच पुढचे सगळे मार्गदर्शन मी त्या बदललेल्या क्रमाने लिहिते आहे: आधी नदी, मग देऊळ, आणि सर्वांत शेवटी आकाश.

या क्रमाला कारण आहे. थाई लोक क्रथोंग सोडताना जे करतात त्याला ते ‘खो खमा’ म्हणतात. ‘खो’ म्हणजे मागणे, आणि ‘खमा’ हा पालीतून आलेला शब्द म्हणजे आपलीच क्षमा. वर्षभर आपण पाणी वापरले, त्यात घाण टाकली, त्याला पाय लावला, त्याबद्दल ‘फ्रा मे खोंगखा’ या जलदेवतेची क्षमा मागायची आणि तिने दिलेल्या पाण्याबद्दल हात जोडायचे, हा या सणाचा गाभा आहे. ‘खोंगखा’ म्हणजे गंगा. कोणत्याही नदीत बुडी मारताना ‘हर गंगे’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. दुसरी श्रद्धा तर खान्देशाच्या अगदी शिवेवर येऊन टेकते. नम्मदा नदीच्या काठी बुद्धांच्या पावलांचा ठसा आहे आणि क्रथोंग त्याला वंदन म्हणून सोडायचा, असे थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ही नम्मदा म्हणजे नर्मदा, जी आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगराखालून जाणाऱ्या नदीला इतक्या दूरवर कोणी दिवा वाहते, हे तिथल्या एका भिक्खूंच्या तोंडून ऐकले, तेव्हा आईने तिथेच डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले. आकाशातल्या कंदिलांनाही असाच अर्थ आहे: बुद्धांचे केस जिथे ठेवले आहेत त्या स्वर्गातल्या चूडामणी चैत्याला तो प्रकाश वाहायचा असतो.

तारीख आणि ठिकाण ठरवताना

आपली कार्तिक पौर्णिमा आणि तिथला लोय क्रथोंग बहुतेक वर्षी एकाच सुमारास येतात. २०२३ मध्ये दोन्ही २७ नोव्हेंबरला आले आणि २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला. तरीही घरच्या दिनदर्शिकेवर भिस्त ठेवून तिकीट काढू नये, कारण आपला आणि त्यांचा अधिक महिना दर वेळी एकाच वर्षी पडत नाही. २०२० मध्ये आपल्याकडे अधिक अश्विन होता आणि कार्तिक पौर्णिमा ३० नोव्हेंबरला गेली. थायलंडमध्ये मात्र लोय क्रथोंग ३१ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्या सुमारास, होऊन गेला होता. २०२६ ची कार्तिक पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे. जाण्याच्या वर्षी थायलंडच्या पर्यटन खात्याने आणि चियांग माई शहराने जाहीर केलेल्या तारखा पाहाव्यात, आणि कोणत्या दिवशी काय आहे हे त्यातूनच ठरवावे, कारण चियांग माईत उत्सव दोन-तीन दिवस चालतो, त्यात मोठ्या सजवलेल्या क्रथोंगांच्या मिरवणुकीची रात्र वेगळी असते आणि कंदील सोडण्याच्या रात्री वेगळ्या.

ठिकाण निवडताना बरोबर कोण आहे, याचा विचार आधी करावा. १२९६ साली वसवलेले चियांग माई हे चौकोनी खंदकाच्या आत वसलेले जुने शहर आहे. खंदकाच्या आतली देवळे आणि बाहेर पूर्वेला वाहणारी पिंग नदी यांच्यामधले अंतर पायी जाण्याजोगे आहे, आणि दोन्ही सण एकत्र पाहायचे असतील तर याला पर्याय नाही. गर्दी मात्र मोठी असते. ज्यांच्याबरोबर गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी सुखोथाईचा विचार जरूर करावा. तिथल्या ऐतिहासिक उद्यानात, ज्याला १९९१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, जुन्या विहारांच्या भग्न खांबांभोवतीच्या कमळतळ्यांत दिवे सोडतात. जागा मोकळी आहे आणि पाणी संथ आहे. पहिला कमळाच्या आकाराचा क्रथोंग सुखोथाईच्या दरबारातल्या नांग नोप्पमात हिने केला, अशी कथा तिथे सांगतात. ज्या ग्रंथात ती येते तो बराच नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला असल्याचे इतिहासकार मानतात, तरी आजही गावोगावी त्या दिवशी तिच्या नावाने एका मुलीला सजवून मान देतात.

ताक या गावची रीत मला सर्वांत जवळची वाटते. तिथे केळीऐवजी नारळाच्या करवंट्या वापरतात. करवंटीत वात पेटवून एकामागून एक अशा अंतराने त्या पिंग नदीत सोडतात की प्रवाहाच्या वळणाबरोबर दिव्यांची एक अखंड ओळ नदीभर वाहत जाते. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीचे काठ आणि वाट अरुणसारखी देवळे आहेत (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ). ज्यांना दोनच दिवस काढता येतात, त्यांनी तेवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

प्रवासाची तयारी

भुसावळ-जळगावकडच्या मंडळींना मुंबई गाठून तिथून विमान धरणे सोयीचे. नंदुरबार-शहाद्याकडच्यांनी सुरतेहून सुटणाऱ्या विमानांचाही तपास करावा. मुंबईहून बँकॉक सुमारे चार तासांवर आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. पारपत्राची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी. १ मे २०२५ पासून थायलंडने आगमनाचे डिजिटल कार्ड सक्तीचे केले आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचे असते आणि त्याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर ते भरू नये. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम अलीकडच्या वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी थायलंडच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे.

बँकॉकहून चियांग माईला रात्रीच्या रेल्वेने जावे, असे मी आवर्जून सुचवेन. क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून संध्याकाळी बसले की सुमारे ७५० किलोमीटरचा प्रवास करून गाडी सकाळी चियांग माईला पोहोचते. भुसावळहून रात्रीच्या गाड्या धरण्याची सवय असलेल्या घरांना यात काहीच नवे नाही. या दिवसांतली शयनयानाची तिकिटे मात्र लवकर संपतात. विमानाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: आकाशात कंदील असतात त्या रात्री चियांग माईच्या विमानतळावरची संध्याकाळनंतरची अनेक उड्डाणे रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात. म्हणून पौर्णिमेच्या किमान एक दिवस आधी सकाळी पोहोचावे आणि परतीचे विमान उत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, उजेडात धरावे.

राहण्याची जागा नदी आणि जुन्या शहराचा पूर्वेकडचा था फे दरवाजा यांच्यामध्ये मिळाली तर सोन्याहून पिवळे, कारण त्या रात्री रस्ते वाहनांना बंद होतात आणि शेवटचा एक-दीड किलोमीटर चालावाच लागतो. नोव्हेंबरच्या रात्री तिथे आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या रात्रींसारखा गारवा असतो. एक शाल पुरते. कपडे सुती असावेत. ओढणी आणि पदर आवरता येईल असेच नेसावे, कारण रात्रभर आजूबाजूला उघड्या ज्योती असतात.

क्रथोंग स्वतःच्या हाताने करावा

तयार क्रथोंग नदीकाठी जागोजागी मिळतो आणि त्याची किंमत फार नसते. तरीही एक तास राखून तो स्वतः करावा. उत्सवाच्या दिवसांत अनेक देवळांच्या आवारात, बाजारात आणि राहत्या जागीही सामान मांडून शिकवणारी माणसे बसलेली असतात. मी शिकले ती एका देवळाच्या फाटकाशी चटईवर बसलेल्या आजींकडून. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची, पण केळीचे पान दोघींच्या हातांना ओळखीचे होते.

पाया केळीच्या खोडाचा असतो. हाताच्या वितीएवढ्या रुंद खोडाची दोन-तीन बोटे जाडीची चकती कापून घेतात. खोडाच्या आतल्या थरांमध्ये हवेच्या नळ्यांची जाळी असते, म्हणून चकती पाण्यावर हलकी तरंगते आणि काही दिवसांत कुजून जाते. घड काढल्यावर बांधावर पडून राहिलेल्या खोडांचे ढीग पाहत मोठी झालेली मी, त्या एवढ्याशा चकतीला त्यांनी ज्या काळजीने कडेने गोल कातरले, ते पाहतच राहिले. मग पान. मधली जाड शीर काढून टाकायची आणि पानाच्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. पान शिरांच्या रेषेत सरळ फाटते, त्यामुळे कात्री लागतच नाही. ताज्या पानाला घडी घातली की ते तडकते, म्हणून आजींनी पाने थोडा वेळ उन्हात कोमेजू दिली होती. पट्टीची दोन टोके आत दुमडून पुढे टोक काढले की पाकळी तयार होते. अशा पाकळ्या एकीत एक अडकवत चकतीभोवती फिरवत न्यायच्या आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायच्या. विकतच्या सामानात लोखंडी टाचण्या देतात. त्या नदीत जातात आणि माशांच्या पोटातही, म्हणून काड्याच मागाव्यात.

बाहेरची ओळ पूर्ण झाली की आत झेंडूची फुले, एखादे ऑर्किडचे फूल, मधोमध मेणबत्ती आणि तिच्याजवळ तीन उदबत्त्या. इथे माझी चूक झाली होती. मेणबत्ती मी दिसायला बरी म्हणून कडेला रोवली आणि उदबत्त्या दुसऱ्या बाजूला. पाण्यात सोडताच माझा क्रथोंग कलंडला आणि ज्योत विझली. आजींनी आईच्या क्रथोंगात मेणबत्ती चकतीच्या बरोबर मध्यावर, चांगली बोटभर खोल रोवून दिली होती आणि जड फुले चारी बाजूंना सारखी वाटली होती. तो दृष्टीआड होईपर्यंत जळत गेला. काही लोक क्रथोंगात नखाचा किंवा केसाचा तुकडा ठेवतात, म्हणजे वर्षभराचे अमंगळ त्याबरोबर वाहून जावे, आणि एखादे नाणेही ठेवतात. ते ऐच्छिक आहे. पुढे प्रवाहात मुले उतरून ती नाणी काढून घेताना दिसतील; तिथे त्याचे कोणाला वाईट वाटत नाही, आपणही वाटून घेऊ नये.

केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा काळा डाग काही केल्या जात नाही, हे खान्देशात कोणाला सांगायला नको, पण नवे कपडे घालून बसलेल्या मुलांना मात्र सांगावे.

क्रथोंग विकत घ्यायचाच असेल तर थर्माकोलचा कधीही घेऊ नये. पावाच्या पिठाचे रंगीत क्रथोंगही मिळतात आणि मासे ते खातात म्हणून ते चांगले, असा समज आहे. पण मासे खातील त्यापेक्षा कितीतरी जास्त पाव पाण्यात विरघळून पाणी नासते, विशेषतः लहान तळ्यात. एका कुटुंबाने मिळून एकच क्रथोंग सोडावा, असे आवाहन थायलंडमध्येच अलीकडे केले जाते, आणि बँकॉकमध्ये दर वर्षी दुसऱ्या दिवशी लाखो क्रथोंग पाण्यातून काढावे लागतात, हे पाहता ते मानावे. चौघांच्या घराला चार क्रथोंग लागत नाहीत. आपल्या कानबाईच्या विसर्जनालाही घरोघरी वेगळी नदी लागत नाही, सगळे गाव एकाच काठावर जाते.

पाण्याशी

चियांग माईत नवरात पुलाच्या आसपासचा काठ सर्वांत गजबजलेला असतो. तिथून नदीच्या कडेने थोडे वर किंवा खाली चालत गेले की लाकडी पायऱ्या आणि छोटे धक्के लागतात; तिथे उतरणे सोपे जाते. चंद्र वर आल्यावर, साधारण सात ते नऊच्या दरम्यान, स्थानिक कुटुंबे येतात. त्यांच्या मागे रांगेत उभे राहावे. धक्क्यावर आधी मोठ्या माणसांना जागा द्यावी.

मेणबत्ती आणि उदबत्त्या काठावरच पेटवून घ्याव्यात. क्रथोंग दोन्ही हातांत कपाळापर्यंत उचलावा, डोळे मिटावेत, मनात पाण्याची क्षमा मागावी आणि मग जे मागायचे ते मागावे. हे आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत करावे. पाण्याला मराठी कळणार नाही असे तिथे कोणी मानत नाही. त्यानंतर खाली बसून क्रथोंग पाण्यावर टेकवावा आणि हाताने हलके पाणी मागे लोटून त्याला प्रवाहात जाऊ द्यावे. वरून टाकू नये. प्रवाहात शिरेपर्यंत थांबावे, आणि मग लगेच बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यावी. छायाचित्र काढायचे असेल तर ते आपल्या क्रथोंगाचे काढावे. शेजारी डोळे मिटून बसलेल्या बाईच्या तोंडावर उजेड पाडू नये.

लहान मुलांचा हात एक क्षणही सोडू नये. या सणात मुले पाण्यात पडण्याच्या दुर्घटना होतात आणि तिथले प्रशासन दर वर्षी पालकांना सावध करते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि हेलकावणाऱ्या धक्क्यांवर मुलाला स्वतःहून वाकू देऊ नये. त्याचा हात आपल्या हातात धरून क्रथोंग दोघांनी मिळून सोडावा.

देवळात

कंदिलांच्या गर्दीत जे सुटते ते देवळात आहे. यी पेंगला लान्नाची माणसे घराच्या उंबऱ्यावर, देवळाच्या ओट्यावर मातीच्या छोट्या पणत्या लावतात. त्यांना ‘फांग प्रथीप’ म्हणतात, आणि ‘प्रथीप’ म्हणजे प्रदीप. हा शब्द कळला तेव्हा आईला परदेशात असल्याचे वाटेनासे झाले. कंदिलांचेही अनेक प्रकार तिथे पाहायला मिळतात: ओट्याला टांगायचे, हातात काठीला धरून न्यायचे, आतल्या ज्योतीच्या उष्णतेने फिरणारे. जुन्या शहरातल्या वाट फान ताओ या सागवानी विहाराच्या आवारात काही वर्षी भिक्खू तळ्याभोवती पणत्या लावून प्रार्थना करतात. ती पाहायची असेल तर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी जाऊन शांत बसावे.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत. बसताना पाय मागे दुमडावेत. बुद्धमूर्तीकडे किंवा कोणाही माणसाकडे तळपाय करणे तिथे अनादराचे समजतात. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, त्यांच्या हातात थेट काही देऊ नये. कौतुकानेही कोणाच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू नये, कारण डोके तिथे पवित्र मानतात. आपल्या आजी-आजोबांना हे आधीच समजावून ठेवावे, कारण लेकराच्या डोक्यावर हात ठेवणे हा आपल्याकडे आशीर्वाद आहे. राजघराण्याविषयी थट्टेनेही बोलू नये. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते, तेव्हा जिथे असाल तिथे स्तब्ध उभे राहावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजमाता सिरिकित यांचे निधन झाल्यानंतर त्या वर्षीचा उत्सव संयमाने साजरा झाला. असा प्रसंग असेल तर भडक रंग टाळावेत.

नमस्कार आपल्यासारखाच हात जोडून करतात. ‘सवातदी’ या अभिवादनाचे मूळ आपल्या ‘स्वस्ति’मध्ये आहे. बोलण्याच्या शेवटी पुरुषांनी ‘ख्राप’ आणि बायकांनी ‘खा’ लावले की साधे वाक्यही आदराचे होते. वयाने मोठ्या अनोळखी बाईला ते ‘पा’, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारतात; आपणही माराविशी वाटली तर संकोच करू नये.

आकाशातला कंदील

कंदील कुठेही, केव्हाही सोडता येत नाही. चियांग माईत ठरावीक रात्री, ठरावीक वेळेतच त्याला परवानगी असते, विमानतळाच्या परिसरात सक्त मनाई असते आणि नियम मोडल्यास दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. रस्त्यावर कोणी कंदील विकत आहे, एवढ्यावरून तिथे तो सोडायला परवानगी आहे असे समजू नये. आम्ही ठरलेल्या वेळेआधीच एक कंदील उघडला होता. देवळातल्या एका स्वयंसेवकाने जवळ येऊन, हात जोडून, तो पुन्हा मिटायला लावला. त्या माणसाचे बरोबर होते.

ज्या छायाचित्रांत हजारो कंदील एकाच क्षणी उठतात, ते बहुतेक शहराबाहेर तिकीट लावून होणारे कार्यक्रम असतात. तिकीट माणशी काही हजार बात (थाई चलन) असते, त्यात जेवण आणि नेण्या-आणण्याची सोय असते, आणि कित्येक महिने आधी ते काढावे लागते. ते दृश्य भव्य आहे, हे मी नाकारत नाही. पण मर्यादित खर्चात गेलेल्या कुटुंबाने त्यापायी नदीकाठची रात्र गमावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पौर्णिमेची रात्र नदीला द्यावी; तिकिटाचा कार्यक्रम घ्यायचाच असेल तर दुसऱ्या रात्रीचा घ्यावा.

कंदील सोडायला दोन-तीन माणसे लागतात. पातळ कागदाची ती पिशवी जवळजवळ लहान मुलाच्या उंचीची असते. खाली तारेचे किंवा बांबूचे कडे आणि मध्ये मेणात भिजवलेली वात. वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नाही, वारा फार नाही, हे आधी पाहावे. दोघांनी वरचा भाग उचलून धरावा, तिसऱ्याने वात सगळीकडून पेटवावी, आणि मग कडे जमिनीजवळ धरून थांबावे. इथे घाई होते आणि कंदील बिघडतो. आतली हवा तापायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. कागद फुगून ताठ होतो, हातांना वरची ओढ जाणवू लागते. ती ओढ नीट लागेपर्यंत सोडू नये, आणि सोडताना ढकलू नये, फक्त बोटे उघडावीत. त्याला फटाक्यांची माळ मुळीच बांधू नये. एका कुटुंबाने एकच कंदील सोडावा, कारण तो विझल्यावर तार आणि कागद कोणाच्या तरी शेतात, छपरावर किंवा झाडावर पडतो.

याच कारणाने हे कंदील घरी आणून सोडण्याचा विचारही मनात आणू नये. कार्तिकात आपल्याकडे घरोघरी कापूस साठलेला असतो आणि खळ्यात कडब्याच्या गंज्या उभ्या असतात. तिथे वरून पडणारी एक ठिणगी काय करील, हे शेतकऱ्याच्या घराला सांगावे लागत नाही.

जेवणाचे

शाकाहारी माणसाने ‘मांगसविरत’ हा शब्द पाठ करावा. तो म्हणजे मांसविरती. ‘जे’ हा दुसरा शब्द, जो पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. तशी पाटी असलेल्या ठिकाणच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही ते चालते. साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचे पाणी, म्हणजे ‘नाम प्ला’, घातलेले असते, म्हणून आधी विचारावे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की पहिले दोन दिवस निभावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पहाटे पुन्हा नदीवर जावे. रात्री जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे मोजकी माणसे असतात. पालिकेचे कामगार होड्यांतून लांब दांड्यांच्या जाळ्यांनी क्रथोंग गोळा करत असतात. वळणांवर अडकलेल्या, भिजून काळवंडलेल्या पाकळ्या, अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या, झेंडू. काठाच्या पायऱ्यांवर अडकलेले क्रथोंग काही स्थानिक लोक उचलून त्यांच्याकडे देतात. विचारून आपणही द्यावेत. आईने आणि मी त्या सकाळी सतरा क्रथोंग वेचले; त्यातल्या दोनांत लोखंडी टाचण्या होत्या आणि एक थर्माकोलचा होता.

परतताना बरोबर न्यायला फांग प्रथीपच्या मातीच्या पणत्या बाजारात स्वस्त मिळतात. त्या रिकाम्या घ्याव्यात, मेण भरलेल्या घेऊ नयेत. एकेक पणती सुती कपड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावी, म्हणजे भुसावळपर्यंत फुटत नाही.